ओळखीच्यांसाठी विणलेले जाळे

एका संगणकावरून दुसऱ्याकडे निघालेली कोणतीही गोष्ट, मग ते पत्र असो, फोटो असो की बँकेला दिलेली पैसे पाठवण्याची आज्ञा, सलग जात नाही. तिचे तुकडे होतात. अशा तुकड्याला पॅकेट म्हणतात आणि नेहमीच्या इथरनेट नेटवर्कवर एका पॅकेटात साधारण १,५०० बाइट मावतात. देवनागरीच्या एका चिन्हाला सहसा तीन बाइट लागतात, तेव्हा मराठीचा एखादा मध्यम परिच्छेद एका पॅकेटात जेमतेम बसतो. प्रत्येक पॅकेटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन आयपी पत्ते असतात. वाटेतले राउटर घेणाऱ्याचा पत्ता वाचून पॅकेट पुढच्या नाक्याकडे ढकलतात. पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे की नाही हे पाहणे मूळ रचनेत कोणाचेच काम नव्हते. पाकिटावर 'प्रेषक' म्हणून कोणीही कोणाचेही नाव घालावे आणि टपाल खात्याने ते मुकाट पोचवावे, तसा हा कारभार. खोटा पत्ता घालून पॅकेट सोडण्याला स्पूफिंग म्हणतात.

ही ढिलाई मूर्खपणातून आलेली नाही. आजच्या इंटरनेटचा पूर्वज आर्पानेट. त्यावरचा पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे गेला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. 'एल' आणि 'ओ' ही दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक बसला. त्या काळी या जाळ्यावर विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि संरक्षण खात्याची कामे करणारी मंडळी होती, बरीचशी एकमेकांना नावाने ओळखणारी. तार तुटली तर निरोप पोचेल का, याची त्यांना चिंता होती. निरोप देणाराच लबाड निघाला तर काय, याची नव्हती. जुन्या वाड्यात दिंडी दरवाजाला रात्री अडसर लागे, पण आतल्या बिऱ्हाडांच्या दारांना दिवसा कडीही नसे, कारण चौकात दिसणारा माणूस कोणाचा तरी कोणी लागतच असे. तशाच भरवशावर हे जाळे विणले गेले आणि पुढे त्याच वाड्यात सारे जग राहायला आले. नेटवर्क-सुरक्षेतले आजचे बहुतेक शब्द हा भरवसा कुठे ना कुठे अंगाशी आल्यावर जन्मले आहेत.

संगणकाचा पत्ता सापडला तरी आत एकाच वेळी अनेक कामे चाललेली असतात. कोणते पॅकेट कोणत्या कामाचे हे कळावे म्हणून कामांना क्रमांक दिलेले असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. उरण-पनवेलच्या माणसाला पोर्ट म्हटले की बंदर आठवेल. इथे ते दार समजावे. हे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. सुरक्षित संकेतस्थळे ४४३ वर उत्तर देतात, मेल सर्व्हर एकमेकांशी २५ वर बोलतात, ऑफिसातल्या विंडोज संगणकांचे सामायिक फोल्डर ४४५ वर असतात. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याच दारातून बराच अनर्थ घडला. अनोळखी संगणकाची दारे ओळीने ठोठावून कोणते उघडे आहे ते पाहणे म्हणजे पोर्ट स्कॅनिंग. इंटरनेटला थेट जोडलेल्या यंत्राची दारे चोवीस तास अशी ठोठावली जात असतात. ठोठावणारा बहुतेक वेळा माणूस नसून प्रोग्रॅम असतो, आणि समोर बँक आहे की कोणाच्या घरातला कॅमेरा, याचे त्याला सोयरसुतक नसते.

राखायचे नेमके काय, याचे उत्तर पाठ्यपुस्तके तीन शब्दांत देतात. गोपनीयता, म्हणजे ज्याने वाचायचे त्यानेच वाचावे. अखंडता, म्हणजे मजकूर किंवा नोंद परस्पर कोणी बदललेली नसावी. उपलब्धता, म्हणजे हवे तेव्हा यंत्र कामाला हजर असावे. चारचौघांत सुरक्षेचा विषय निघाला की पहिलीच गोष्ट आठवते: फोटो फुटले, पासवर्ड चोरीला गेले. महाराष्ट्राला बसलेले दोन मोठे तडाखे मात्र उरलेल्या दोहोंवरचे आहेत.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, झालेला हल्ला अखंडतेवरचा. एटीएममध्ये कार्ड घातले की ते यंत्र स्वतः काही ठरवत नाही. विनंती कार्ड कंपनीच्या जाळ्यातून बँकेच्या 'स्विच' नावाच्या प्रणालीकडे येते, स्विच मुख्य खातेवहीला विचारतो, आणि तिचा होकार आला तरच 'पैसे द्या' असा निरोप उलट जातो. हल्लेखोरांनी बँकेच्या नेटवर्कमध्ये शिरून एक बनावट स्विच उभा केला. खातेवहीला न विचारताच तो आलेल्या विनंत्यांना परस्पर होकार देत राहिला. नकली कार्डे घेतलेली माणसे २८ देशांतल्या एटीएमपुढे उभी होती. काही तासांत ८० कोटी रुपयांच्या घरात रक्कम निघाली. सोमवारी, १३ तारखेला, बँकांमधल्या स्विफ्ट या संदेशव्यवस्थेतून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४.४२ कोटी. ग्राहकांची खाती शाबूत असल्याचे बँकेने सांगितले, आणि हल्ल्याची रीत पाहता त्यात नवल नाही. फोडली गेली ती तिजोरी नव्हे, 'विचारून सांगतो' म्हणणाऱ्या मधल्या माणसाची जागाच बळकावली गेली.

उपलब्धतेवरचा घाव त्याच्या वर्षभर आधीचा, २७ जून २०१७ चा. न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली एपीएम टर्मिनल्स ही कंपनी चालवत होती. त्या दिवशी मर्स्कचे संगणक जगभर एकामागून एक काळे पडले, तसे इथलेही. क्रेन धडधाकट, धक्का जागेवर, माणसे कामावर. पण कोणता कंटेनर कोणाचा आणि तो कुठे ठेवायचा हे सांगणारी प्रणाली मुकी. कामे हाताने उरकायची वेळ आली आणि कंटेनर तुंबू लागले. दुखण्याचे मूळ होते युक्रेनमध्ये, तिथल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. ते उरणच्या खाडीपर्यंत कसे आले हे समजायला आणखी काही शब्द लागतात.

सॉफ्टवेअरमधल्या ज्या चुकीचा गैरफायदा घेता येतो तिला व्हल्नरेबिलिटी म्हणतात. मराठीत कच्चा दुवा म्हटले तरी भागते. तो दुवा तोडणारा प्रोग्रॅम म्हणजे एक्स्प्लॉइट. चूक सुधारून कंपनी पाठवते तो तुकडा म्हणजे पॅच, शब्दशः ठिगळ. फोनवर 'अपडेट करा' म्हणून भुणभुण लावणाऱ्या सूचनांत पुष्कळदा अशी ठिगळेच असतात. आणि ज्या दुव्याची खबर कंपनीच्या आधी हल्लेखोराला लागली, म्हणजे दुरुस्तीला एक दिवसही मिळाला नाही, त्याला झीरो-डे म्हणतात.

कच्चा दुवा कसा दिसतो हे १९८८ च्या एका प्रकरणात अगदी जवळून पाहता येते. त्या वर्षी २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने एमआयटीच्या संगणकावरून एक प्रोग्रॅम सोडला. तो स्वतःच्या नकला काढत एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपला आपण जाई. त्याच्या वाटांपैकी एक 'फिंगर' नावाच्या सेवेतून होती. या यंत्रावर सध्या कोण कोण काम करत आहे, एवढेच ती विचारणाऱ्याला सांगे. येणारा प्रश्न उतरवून घ्यायला तिने ५१२ बाइटांची जागा राखली होती, आणि त्याहून लांब प्रश्न कोण कशाला विचारील, असे गृहीत धरून ती जागा मोजून घेण्याची तसदी घेतली नव्हती. मॉरिसच्या प्रोग्रॅमने ५३६ बाइटांचा प्रश्न पाठवला. जास्तीचे २४ बाइट शेजारच्या जागेत सांडले. त्याच शेजारात, हातातले काम संपले की पुढची आज्ञा कुठून वाचायची, हे टिपून ठेवलेले असते. सांडलेल्या बाइटांनी ते टिपण खोडून त्यावर पाहुण्याचा पत्ता लिहिला आणि संगणक निमूट तिकडे वळला. याला बफर ओव्हरफ्लो म्हणतात. चार दशके होत आली तरी या जातीच्या चुका संपलेल्या नाहीत.

असा आपला आपण चालत जातो तो वर्म. एखाद्या फाइलला चिकटून, ती उघडणाऱ्याच्या हातून पसरतो तो व्हायरस. उपयोगी वस्तूचे सोंग घेऊन येतो तो ट्रोजन. या साऱ्या गोतावळ्याला मालवेअर म्हणतात. बोलण्यात सगळ्यांनाच व्हायरस म्हटले जाते आणि त्याने फारसे बिघडत नाही. मॉरिसच्या वर्मने तेव्हाच्या साठेक हजार संगणकांपैकी सहा हजारांना गाठले, असा त्या वेळचा अंदाज आहे. त्याने काही पुसले नाही, चोरले नाही. एकाच यंत्रावर दोनदा बसू नये अशी सोयही त्यात होती. पण ती सोय कोणी ढाल म्हणून वापरू नये यासाठी सातांतून एकदा बसायचेच, असे मॉरिसने सांगून ठेवले होते. तो हिशेब चुकला आणि नकलांच्या ओझ्याखाली यंत्रे बसली. शिक्षा झाली ती तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. या प्रकारानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकांवरच्या आणीबाणीसाठी पहिले मदतपथक उभे राहिले.

आता न्हावा-शेव्याकडे. विंडोजच्या ४४५ क्रमांकाच्या दारामागे एक कच्चा दुवा होता आणि 'इटर्नलब्लू' या नावाचा त्याचा एक्स्प्लॉइट अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडे होता. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी ठिगळ दिले, त्यानंतर तो एक्स्प्लॉइट फुटून जगजाहीर झाला. १२ मे रोजी वॉनाक्राय हा वर्म त्याच दारातून शिरला, दीडशे देशांत फिरला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतले संगणक त्याने कुलूपबंद केले. फाइलींना कुलूप घालून किल्लीसाठी खंडणी मागणाऱ्या अशा मालवेअरला रॅन्समवेअर म्हणतात. जगाला खडबडून जाग येऊनही २७ जूनला, ठिगळ देऊन साडेतीन महिने लोटल्यावर, तेच दार असंख्य ठिकाणी उघडे होते. या वेळच्या मालवेअरला नॉटपेट्या म्हणतात. युक्रेनमध्ये करभरणीसाठी कंपन्यांत सर्रास वापरात असलेल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच ते मिसळलेले होते. विश्वासाच्या दुकानातून आलेल्या मालातच भेसळ, म्हणून याला सप्लाय-चेन हल्ला म्हणतात. ज्यांनी ठिगळ लावले होते तेही सुटले नाहीत: एका यंत्रात शिरल्यावर नॉटपेट्या तिथे राहिलेले पासवर्ड उचले आणि त्यांच्या जोरावर, राजरोस व्यवस्थापकाच्या थाटात, शेजारच्या यंत्रात जाई. या आडव्या चालीला लॅटरल मूव्हमेंट असे भारदस्त नाव आहे. पडद्यावर ३०० डॉलरची मागणी येई, पण पैसे भरूनही फाइली सुटण्याची सोय आत नव्हतीच. खंडणीचा फक्त देखावा होता.

अशा पाहुण्यांना दारातच अडवायला फायरवॉल असते. शब्द इमारतींतून आला: आग एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून बांधलेली भिंत. नेटवर्कमधली पहिली फायरवॉल १९८० च्या दशकाच्या शेवटी आली आणि ती पॅकेटावरचे पत्ते व पोर्ट पाहून जाऊ द्यायचे की नाही एवढेच ठरवत असे. पुढच्या पिढीने लक्षात ठेवायला सुरुवात केली: हे उत्तर आतून कोणी विचारलेल्या प्रश्नाचे आहे की आगंतुक आहे? चांगल्या फायरवॉलचा शेवटचा नियम एकच असतो, वर ज्याची नोंद नाही ते सगळे बंद. प्रत्यक्षात मात्र वर्षानुवर्षे 'तात्पुरते उघडा' म्हणून घातलेले नियम साचत जातात आणि कोणता कशासाठी होता हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

एकच भिंत पुरत नाही, हे जुन्या घरांना ठाऊक होते. परका माणूस ओटीवर बसे, माजघरात येत नसे, आणि कोठीच्या खोलीची किल्ली घरातल्याही सगळ्यांकडे नसे. नेटवर्कमध्ये ओटीला डीएमझेड म्हणतात. संकेतस्थळाचा किंवा मेलचा सर्व्हर, ज्याला बाहेरच्यांशी बोलावेच लागते, तो तिथे ठेवायचा. आतल्या भागाचे कप्पे करणे म्हणजे सेगमेंटेशन. बंदराच्या क्रेनचे नेटवर्क वेगळे, पगारपत्रकाचे वेगळे, पाहुण्यांच्या वाय-फायचे वेगळे. नॉटपेट्याने एवढी मजल मारली त्याचे मोठे कारण म्हणजे अनेक कंपन्यांची नेटवर्के एका मोठ्या दिवाणखान्यासारखी होती. दिंडी दरवाजा ओलांडला की पुढे आडकाठी नाही. 'आतला आहे म्हणून विश्वासू' हे गृहीतच सोडून द्यायचे, प्रत्येक विनंतीची प्रत्येक वेळी तपासणी करायची, या विचाराला झीरो ट्रस्ट म्हणतात. २०१० मध्ये जॉन किंडरव्हॅग या विश्लेषकाने तो मांडला. आता प्रत्येक विक्रेता आपल्या डब्यावर हे नाव छापतो, त्यामुळे शब्द थोडा झिजला आहे. विचार मात्र पक्का आहे.

आत शिरलेल्याचा सुगावा लावायला घुसखोरी-शोध प्रणाली असतात. काही ओळखीच्या हल्ल्यांच्या खुणा शोधतात, काही नेहमीपेक्षा वेगळे काय घडले ते पाहतात. त्यांचे मोठे दुखणे खोट्या इशाऱ्यांचे. 'लांडगा आला रे आला' दिवसातून हजार वेळा झाले की पहारेकरी उठत नाही. म्हणून लॉगला, म्हणजे कोण कधी आले आणि काय केले याच्या रोजनिशीला, महत्त्व येते. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला तो शोधायला सांगितले. एखाद्याने गोळाबेरीज करून विषय मिटवला असता. स्टोलने नोंदी उकरल्या तेव्हा पत्ता न देता आलेला एक वापरकर्ता सापडला. त्याला हाकलून देण्याऐवजी स्टोलने येणाऱ्या फोन-लाइनींना प्रिंटर जोडले आणि तो टंकत असलेले प्रत्येक अक्षर कागदावर उतरवत महिनोन्महिने पाळत ठेवली. फोनचा माग लागेपर्यंत पाहुणा लाइनवर टिकावा म्हणून क्षेपणास्त्र-संरक्षणाबद्दलच्या खोट्या फाइलींचा ढीग रचून ठेवला. माग पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरला निघाला. मार्कुस हेस हा तरुण मिळवलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकण्याच्या उद्योगात होता. घुसखोराला असे मधाचे बोट लावण्यासाठी मुद्दाम मांडलेल्या यंत्राला आज हनीपॉट म्हणतात.

पहारा कितीही असला तरी इंटरनेटवरून जाणारे पॅकेट वाटेत अनेक परक्या हातांतून जाते. तिथे उपाय एकच: मजकूर असा करायचा की हाती लागूनही वाचता येऊ नये. हे एन्क्रिप्शन. दोन्हीकडे एकच किल्ली असेल तर काम झटपट होते. २००१ मध्ये अमेरिकेने प्रमाण ठरवलेली एईएस ही पद्धत, मुळात दोन बेल्जियन संशोधकांची, आज फोनपासून बँकेपर्यंत सगळीकडे चालते. अडचण वेगळीच होती. जे कधी भेटलेच नाहीत त्यांनी एकमेकांना किल्ली पोचवायची कशी? १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दिलेले उत्तर आजही चकित करते, आणि ते लहान आकड्यांत करून पाहता येते.

समजा एक व्यक्ती ठाण्यात आहे, दुसरी नागपुरात, आणि मधली तार सगळे ऐकत आहेत. दोघी उघडपणे ठरवतात: पाया २, भाजक ११. ठाण्याची मनात ३ हा आकडा धरते, नागपूरची ९. हे आकडे कोणी कोणाला सांगत नाही. ठाणे २ चा तिसरा घात करते, ८ येतात. ११ ने भागून बाकीही ८. नागपूर २ चा नववा घात करते, ५१२ येतात. ११ ने भागून बाकी ६. आता ८ आणि ६ तारेवरून खुशाल पाठवायचे. ठाणे आलेल्या ६ चा तिसरा घात करते, २१६, बाकी ७. नागपूर आलेल्या ८ चा नववा घात करते, १३,४२,१७,७२८; बाकी पुन्हा ७. दोघींकडे ७ ही किल्ली तयार झाली आणि ती तारेवरून गेलीच नाही. ऐकणाऱ्याकडे २, ११, ८ आणि ६ आहेत. इतक्या लहान आकड्यांत तो चुटकीसरशी उत्तर काढील, पण खऱ्या वापरात भाजक सहाशेहून अधिक अंकी असू शकतो आणि तिथे उलटा प्रवास करण्याची व्यवहार्य रीत आजच्या संगणकांना सापडलेली नाही. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची आरएसए पद्धत आली: एक किल्ली जगजाहीर, दुसरी खासगी, एकीने लावलेले कुलूप दुसरीनेच उघडते.

यात एक भोक राहते. ठाणे ज्याच्याशी बोलत आहे ते नागपूरच आहे कशावरून? मध्येच कोणी बसून दोघींशी दोन वेगळ्या किल्ल्या ठरवून निरोप वाचून पुढे सरकवू शकतो. त्यावर तोडगा म्हणजे सर्टिफिकेट: ही जाहीर किल्ली याच संकेतस्थळाची आहे, असा तिसऱ्याचा दाखला. दाखले देणाऱ्या संस्थांची यादी ब्राउझरमध्ये आधीच असते. म्हणजे भरवसा संपला नाही, फक्त तहसील कचेरीत जाऊन बसला. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटार या दाखला-संस्थेत हल्लेखोर शिरले आणि त्यांनी गूगलसह अनेकांच्या नावाने पाचशेवर खोटे दाखले काढले. त्यांचा वापर इराणमधल्या लोकांच्या मेलवर डोळा ठेवायला झाला. ब्राउझरांनी डिजिनोटारचे नाव यादीतून उडवले आणि त्याच सप्टेंबरात संस्था दिवाळखोर ठरली.

पत्त्याच्या पट्टीतले कुलूपचिन्ह इतकेच सांगते की वाटेत कोणी वाचत नाही आणि पट्टीत दिसणारे नाव खरे आहे. ते नाव ठकसेनाचे नाही, असे ते सांगत नाही. फसव्या संकेतस्थळांनाही दाखला मिळतो, तोही फुकट. कुलूप दिसले की सुरक्षित, हा समज बँकांच्या माहितीपत्रकांनीच वर्षानुवर्षे रुजवला आणि आता तो काढताना नाकी नऊ येतात. व्हीपीएनचे तसेच. परक्या नेटवर्कमधून बंद बोगदा काढून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत पोचायला ते उत्तम. जाहिरातीतल्या व्हीपीएनने मात्र जो भरवसा इंटरनेट कंपनीवर होता तो व्हीपीएन कंपनीवर टाकला जातो, एवढेच.

माणसाची ओळख पटवणे म्हणजे ऑथेंटिकेशन. ओळख पटल्यावर त्याला काय काय करू द्यायचे हे ठरवणे म्हणजे ऑथरायझेशन. पासवर्ड आहे तसा साठवणे हा गुन्हा मानावा. त्याऐवजी त्याचा हॅश साठवतात: कोणताही मजकूर गणितात घातला की ठरावीक लांबीचा ठसा बाहेर येतो, एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो, आणि ठशावरून मजकूर परत काढता येत नाही. पण 'सचिन१२३' हा पासवर्ड दोघांनी ठेवला तर ठसे सारखेच दिसतील, आणि नेहमीच्या शब्दांचे ठसे आधीच काढून ठेवता येतील. म्हणून प्रत्येक पासवर्डात वेगळे चिमूटभर मीठ घालतात. त्याला सॉल्टच म्हणतात. ही युक्ती १९७९ च्या एका लेखात मांडणाऱ्या दोघांपैकी एक होते रॉबर्ट मॉरिस, म्हणजे वर्म सोडणाऱ्या मुलाचे वडील. मुलाच्या वर्ममध्ये अंदाजाने लावून पाहायच्या ४३२ शब्दांची यादी होती. मीठ घातलेला पासवर्डही मुळात अळणी असेल तर असा सापडतोच.

म्हणून दुसरा पुरावा मागितला जातो: माहीत असलेली गोष्ट आणि जवळ असलेली गोष्ट. रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांना ऑगस्ट २००९ पासून असा जादा पुरावा सक्तीचा केला आणि ओटीपी हा शब्द भाजीवाल्यापर्यंत पोचला. त्याबरोबर तो गोड बोलून काढून घेणारेही आले. खोट्या संदेशाने किंवा संकेतस्थळाने माणसाकडूनच गुपित काढणे म्हणजे फिशिंग. गणित कितीही पक्के असले तरी इथे ते उपयोगी पडत नाही, कारण दार आतून उघडले जाते. पासवर्ड दर महिन्याला बदला, ही कार्यालयांची लाडकी सक्ती मात्र निरुपयोगी ठरली आहे. लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात किंवा चिठ्ठी कीबोर्डखाली ठेवतात. अमेरिकेच्या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये ती सक्ती नको असे सांगितले.

काही हल्ल्यांना आत शिरायचेच नसते. दारापुढे इतकी गर्दी करायची की खऱ्या गिऱ्हाइकाला वाट मिळू नये, हा डिनायल ऑफ सर्व्हिस. गर्दी अनेक ठिकाणांहून आली तर त्याला डीडॉस म्हणतात आणि गर्दीसाठी भाड्याने माणसे आणावीत तशी ताब्यात घेतलेली यंत्रे आणली जातात. त्या फौजेला बॉटनेट म्हणतात. २०१६ च्या मिराई बॉटनेटमध्ये संगणक नव्हते, घराघरांतले कॅमेरे आणि राउटर होते. कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललेला नव्हता आणि साठेक नेहमीच्या जोड्या लावून पाहणे मिराईला पुरले. २१ ऑक्टोबरला त्या फौजेने डाइन या कंपनीवर, म्हणजे संकेतस्थळांची नावे आयपी पत्त्यांत बदलून देणाऱ्या एका मोठ्या चौकशी-खिडकीवर, गर्दी केली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी स्थळे अमेरिकेत बराच काळ मिळेनाशी झाली. घरातल्या राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला पासवर्ड बदलणे हे म्हणूनच केवळ स्वतःच्या घरापुरते काम नाही. वाय-फायचे कुलूपही पाहून घ्यावे: डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत २००१ मध्येच फुटली आहे, डब्ल्यूपीए-२ किंवा ३ असावी.

एवढे करूनही घात होतो. तेव्हा पहिले काम बाधित यंत्र नेटवर्कवरून सोडवणे, दुसरे नोंदी जपणे, तिसरे कळवणे. भारतात २००४ पासून सर्ट-इन ही सरकारी यंत्रणा आहे. २०२२ च्या तिच्या आदेशानुसार संस्थांना अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. पैशाच्या फसवणुकीसाठी नागरिकांना १९३० हा दूरध्वनी आहे. यानंतर प्रश्न उरतो बॅकअपचा. प्रत वेगळ्या जागी हवी आणि तिची तार तोडलेली हवी. नेटवर्कला जोडलेला बॅकअप मूळ फाइलींबरोबरच जातो.

मर्स्कला याचा धडा विचित्र रीतीने मिळाला. कोणता कर्मचारी कोण आणि त्याला काय उघडण्याची मुभा आहे, ही सगळी नोंद डोमेन कंट्रोलर नावाच्या सर्व्हरांवर असते. मर्स्ककडे ते जगभर दीडशेच्या आसपास होते आणि एकमेकांची प्रत राखत होते. एक पडला तर दुसरा आहे, अशी योजना. सगळे एकदम पडतील असे कोणी धरले नव्हते. एकच वाचला, घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. तिथल्या इंटरनेटवरून एवढी माहिती इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते, आणि घानाच्या कार्यालयातल्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक कर्मचारी हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि त्याने ती लंडनला आणली. तिच्या आधारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले गेले.